वहिनींचं लिंबू

धारला तात्यांच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात एक बैठक बसते आणि त्या बैठकीत जे पितात त्याला सगळे 'वहिनींचं लिंबू' म्हणतात. नाव ऐकून वाटावं, काय सात्त्विक मंडळी आहेत, भर वैशाखात सरबतावर भागवतात. तसं वाटावं म्हणूनच ते नाव ठेवलेलं. प्रत्यक्षात पेल्यात निम्मं सरबत असायचं आणि निम्मी बिअर. सरबत वहिनींचं, बिअर नारायणरावांची, गच्ची तात्यांची आणि गप्पा तुकोजीरावांच्या, अशी वाटणी कधीची ठरून गेली होती.

हे मिश्रण आणलं नारायणरावांनी. ते मूळचे जळगावकडचे, ऐन तरुणपणी कारखान्यातल्या नोकरीसाठी देवासला आले आणि देवासचेच होऊन राहिले. त्यांच्या कंपनीत मशीन बसवायला एक जर्मन साहेब आला होता. मेच्या उन्हात शेडमधून बाहेर पडला की तो बिअरमध्ये लिंबाचं सरबत ओतून प्यायचा आणि आमच्याकडे सायकलवाले हेच पितात म्हणून सांगायचा. तात्या तेव्हा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, बदलीवर देवासला, नारायणरावांच्या शेजारच्या बिऱ्हाडात. दोघांनी तो प्रकार चाखून बघितला. पुढे तात्या धारला आपल्या घरी परतले तेव्हा सामानाबरोबर हा उद्योगही घेऊन आले. धारचे तुकोजीराव वकील त्यांना येऊन मिळाले आणि बैठक पुरी झाली.

वहिनी म्हणजे तात्यांच्या पत्नी विनोदिनीबाई. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. गावातल्या निम्म्या बायकांना त्यांनी पाढे पाठ करायला लावलेत, त्यामुळे बाजारात त्या दिसल्या की आजही पन्नाशीच्या बाया पदर सावरून उभ्या राहतात. अशा बाईंचं बैठकीतलं काम एवढंच, की दुपारी सरबत करायचं, चिनी मातीच्या बरणीत भरायचं आणि उन्हं उतरली की बरणी गच्चीच्या जिन्यात, वरून दुसऱ्या पायरीवर नेऊन ठेवायची. तिथून पुढं जायचं नाही. हा नियम कुणी केला म्हणून विचाराल, तर कुणीच केला नव्हता. तात्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत कारभारी होते. त्यांच्या काळात पुरुषांची बैठक बसली की घरातल्या बायका त्या बाजूला फिरकत नसत. संस्थान गेलं, कचेरी गेली, नियम तेवढा राहिला.

बरणी ठेवून विनोदिनीबाई लगेच खाली उतरत नसत. जराशा तिथंच थांबायच्या. वरून कुणीतरी म्हणेल, "या ना वहिनी, बसा घटकाभर," असं त्यांना मनातून फार वाटायचं. सुरुवातीची वर्षं त्या आशेनं थांबल्या, पुढं सवयीनं. वर हसण्याचा गडगडाट व्हायचा, मांडीवर थापा पडायच्या, हाक मात्र कधी आली नाही. मग त्या खाली येऊन पापड तळायला घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेले घासताना नाकाशी धरायच्या. आंबोळीचं पीठ जरा जास्त वेळ राहिलं की येतो तसा वास, आणि त्यात आपलं लिंबू. त्या पेयाशी त्यांची ओळख होती ती एवढीच.

यंदा वैशाख लागला तसे एका सकाळी तात्या पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ह्या वर्षी तू सरबताच्या फंदात पडू नकोस. नारायण तयार लेमोनेडच्या बाटल्या आणतो आहे. इंदूरला मॉलमध्ये मिळतात म्हणे."

"का? माझ्या सरबताला काय झालं?"

"सरबताला काही नाही गं. तुझे गुडघे दुखतात. कशाला उगाच जिना चढायचा?"

तात्या चांगुलपणानंच बोलले, आणि गुडघे दुखत होते हेही खरं. पण विनोदिनीबाईंच्या हातातलं लाटणं पोळपाटावर थांबलं. इतकी वर्षं जिन्यात का होईना, त्या बैठकीत त्यांचा अर्धा पेला होता. आता तोही बाटलीनं काढून घेतला. 'वहिनींचं लिंबू' हे नाव वर गच्चीवर चालत राहणार आणि त्यात वहिनी चवीपुरत्यासुद्धा असणार नाहीत. त्यांना राग आला. राग आला की त्या शाळेत जे करायच्या तेच त्यांनी इथं केलं. काही बोलल्या नाहीत आणि पोळी पुरी लाटून होईतो मनाशी सगळं ठरवून मोकळ्या झाल्या. यंदा निम्मं नाही, अख्खं पेय आपण करायचं. आपणच वर न्यायचं. वर खुर्चीत बसायचं आणि सगळ्यांच्या देखत आपला पेला आपण प्यायचा.

ठरवलं खरं, पण जे कधी जिभेला लावलं नाही ते करायचं कसं? धारमध्ये कलारीवर, म्हणजे दारूच्या दुकानात, जाऊन बाटली मागणं शक्यच नव्हतं. गल्ल्यावरच्या माणसाची बायको किंवा आई, दोघींपैकी एक तरी त्यांची विद्यार्थिनी निघाली असती. तेव्हा त्यांनी देवासला नारायणरावांच्या बायकोला, शशिकलाला फोन लावला.

"शशिकला, तुमच्या घरी बिअर असते का गं?"

पलीकडून काळजीचा आवाज आला, "ताई, तब्येत तो ठीक है ना?"

विनोदिनीबाईंनी सगळं सांगितलं. बाटल्यांचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं, आणि आजवर कुणाला न सांगितलेलं, जिन्यात थांबण्याचं, तेही सांगितलं.

"असते ना घरी," शशिकला म्हणाली. "फ्रिजमधे, भाजीच्या ड्रॉवरमधे, कोथिंबिरीच्या पिशवीत घालून ठेवतात. ह्यांना वाटतं, मला पता नाही. रोज कोथिंबीर मी काढते, आणि मलाच पता नाही. तुम्ही या, ताई. बुधवारी हे दिवसभर कॅरम खेळायला जातात."

बुधवारी विनोदिनीबाई कुरडया घालायला जाते सांगून घराबाहेर पडल्या. पिशवीत पातळ सालीची कागदी लिंबं, पादेलोण, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि आल्याचा तुकडा. इंदूरला बस बदलून, उन्हात पदर डोक्यावर घेऊन त्या देवासला पोचल्या. शशिकलानं तयारी करून ठेवली होती. म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याची दारं लावून घेतली होती आणि खिडकीचा पडदा ओढला होता. ओट्यावर कोथिंबिरीची पिशवी आणि पिशवीबाहेर ती हिरवी बाटली, पाहुणी आल्यासारखी उभी होती.

"देवांना झोपवलं का गं?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"हां. म्हटलं, दुपारची वेळ आहे, करू देत आराम."

विनोदिनीबाईंनी नेहमीचं सरबत केलं. हात ठरलेल्या वाटेनं चालले. साखर गरम पाण्यात विरघळवून निववली, लिंबं पोळपाटावर दाबून फिरवली, पिळली, मग आल्याचा रस, जिरं, आणि चिमटीनं पादेलोण. निम्मा पेला सरबतानं भरून त्यांनी वरून बिअर ओतली. ओतली मात्र, पेल्यानं जो फणा काढला तो थांबेना. फेस पेल्यातून ताटलीत, ताटलीतून ओट्यावर, ओट्यावरून मिक्सरच्या भांड्यात गेला. शशिकलानं फडकं घेऊन झेप टाकली आणि मग फडकं तोंडाला लावून खाली बसून हसत सुटली.

विनोदिनीबाई हसल्या नाहीत. त्या पेल्यात उरलेल्या घोटभर पाण्याकडे बघत होत्या. "ह्यात चूक कुठली ते एकदम कळायचं नाही," त्या म्हणाल्या. "एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची."

पहिल्यांदा जिरं वगळलं. फेस तेवढाच. मग पादेलोण वगळलं आणि पेला शहाण्यासारखा शांत राहिला. खातरी करायला त्यांनी त्याच पेल्यात पादेलोणाची चिमूट टाकली, तसा तो पुन्हा उसळला. आता कोडं सुटलं. सरबतात मीठ घालायचंच, हा हाताचा धडा. बिअरला मीठ दिसलं की तिच्यातला वायू बाहेर पळतो, मागं उरतं ते मेलेलं, बेचव पाणी.

"म्हणजे शशिकला, इतकी वर्षं वर गच्चीवर असाच फेस होत असणार. निम्मी बिअर सांडून जात असणार आणि उरलेली मचूळ. एकानं कधी सांगितलं नाही, की वहिनी, मीठ घालू नका."

"सांगणार कसं? सांगायला जिना उतरावा लागतो," शशिकला म्हणाली.

मग दोघी खऱ्या कामाला लागल्या. साखर निम्म्यावर आणली, कारण गोड फार झालं की बिअरची कडू चव रुसून वेगळी बसते. सरबत आणि बिअर, दोन्ही फ्रिजमध्ये गारठवली. लिंबाची पिवळी साल, पांढरं न येऊ देता, साखरेवर किसून हातानं चोळली. त्या वासानं स्वयंपाकघर भरून गेलं. आलं ठेवलं, पण नावाला. मीठ पेल्यात नाही, पेल्याच्या काठाला लिंबाची फोड फिरवून त्यावर लावलं. आधी सरबत, मग पेला तिरका धरून, काठाकाठानं, अगदी हळू बिअर. वर बोटभर पांढरा फेस आला आणि तिथंच थांबला.

विनोदिनीबाईंनी घोट घेतला. आधी मीठ लागलं, मग लिंबू, मग जिभेच्या मागं कडूसर काहीतरी, आणि सगळ्याच्या शेवटी उन्हातून आलेल्या माणसाला लागतो तो गारवा. त्यांनी दुसरा घोट घेतला. शशिकलानं आपला पेला अर्धा केला आणि पदरानं फेसाची मिशी पुसली.

पेले संपल्यावर दोघी भिंतीला टेकून नशा चढायची वाट बघत बसल्या. ऐकून माहीत होतं, की डोकं हलकं होतं, जीभ अडखळते, माणूस भलतंसलतं बोलतो. विनोदिनीबाईंनी मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणून बघितला. बरोबर आला. शशिकलाला जांभई आली, पण ती तिला रोजच त्या वेळेला येते. शेवटी ती उठून कुकर लावायला गेली.

"एवढंच?" विनोदिनीबाई म्हणाल्या.

"काय ताई?"

"एवढंच होतं हे? ह्या एवढ्याशासाठी मी जिन्यात उभी राहत होते?"

त्यांना पेय आवडलं होतं. राग त्याचाच आला. वर काही भयंकर चालत असतं, बायकांनी बघू नये असं काही, तर निदान त्या जिन्याला काही अर्थ होता. आपल्याला उन्हाळ्यातलं एक चांगलं सरबत नाकारण्यात आलं, दुसरं काही नाही, हे कळल्यावर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले आणि शशिकलाला सांगितलं, "बैठकीला तूही यायचं. नारायणरावांच्या गाडीतून. विचारलं तर सांग, ताईंनी बोलावलंय."

बैठकीच्या दिवशी दुपारी तात्या झोपलेले असताना विनोदिनीबाईंनी दोन घडीच्या खुर्च्या गच्चीवर नेल्या. एकदम दोन्ही झेपत नव्हत्या, म्हणून एक नेली, कठड्याला टेकून दम खाल्ला, खाली आल्या आणि दुसरी नेली. गुडघ्यांनी तक्रार केली. ती त्यांनी ऐकून घेतली नाही.

नारायणराव बिअर आणि त्या तयार बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून आले. शशिकलाला सोबत बघून तात्यांना जरा नवल वाटलं, पण बायकांच्या कुरडया राहिल्या असतील, असं समजून ते गप्प राहिले. विनोदिनीबाईंनी डबा नारायणरावांच्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघरात नेला. लेमोनेडच्या बाटल्या एका बाजूला ठेवल्या. उन्हं गावच्या किल्ल्यामागं उतरली, तुकोजीराव आले, वर खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. मग तात्या डबा न्यायला खाली आले तर ओट्यावर पाच पेले, काठाला मीठ लावून, ओळीनं मांडलेले.

"हे काय?"

"पेय करतेय. तुम्ही व्हा पुढं, मी घेऊन येते."

"बरं. जिन्यात ठेव."

"जिन्यात नाही. वर आणते. मी आणि शशिकला, दोघी बसणार आहोत."

तात्यांनी पेले परत मोजले. "अगं, तुला घ्यायचं असेल तर घे की इथं. मी कुठं नाही म्हणतोय? पण बैठकीत... बरं दिसत नाही ते. तुकोजी काय म्हणेल?"

"तुकोजीराव माझ्या हातचं जेवून घरी जातात. पाणी माझ्या हातचं, जेवण माझ्या हातचं, लिंबू माझं. मग खुर्चीचंच काय तेवढं?"

"तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत," विनोदिनीबाई म्हणाल्या आणि पेला तिरका धरून बिअर ओतायला लागल्या. तात्या उरलेल्या बिअरचा डबा आणि सरबताची बरणी उचलून वर गेले.

जिन्याच्या तोंडाशी शशिकलाचं अवसान गेलं. "ताई, मी इथंच थांबते. तुम्ही बसा वर. मला नाही जमायचं."

"तबक एकटीला पेलत नाही गं," विनोदिनीबाई म्हणाल्या. ते खोटं होतं, पण शशिकलानं दुसरी बाजू धरली. दोघी चढल्या. वरून दुसऱ्या पायरीवर विनोदिनीबाईंचे पाय आपसूक थांबले, इतकं ते अंगवळणी पडलेलं. त्यांनी स्वतःला सांगितलं, चढ. आणि त्या गच्चीवर आल्या.

तिघेही पुरुष ताडकन उभे राहिले. त्यांनी हटकलं असतं, कुणी कुत्सित बोललं असतं, तर विनोदिनीबाईंजवळ उत्तर तयार होतं. तसं काहीच झालं नाही. तुकोजीरावांनी हात जोडले, "या वहिनीसाहेब," म्हणाले, स्वतःची खुर्ची पुसून पुढं केली. पेला दिला तर दोन्ही हातांनी घेतला आणि कठड्यावर ठेवून दिला. नारायणरावांनी आपला पेला खुर्चीखाली सरकवला. मग तिघेजण सासुरवाडीला आल्यासारखे ताठ बसले.

"घ्या ना," विनोदिनीबाई म्हणाल्या.

"तुमच्यासमोर कसं घेणार, वहिनी?" तुकोजीराव म्हणाले. "इतकी वर्षं तुमचा मान राखला. आता म्हातारपणी बेशरम व्हायचं का?"

"बघ," तात्या हळूच म्हणाले, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मोडली ना बैठक."

ही गोष्ट विनोदिनीबाईंच्या ध्यानात आली नव्हती. खुर्ची मिळेल आणि बैठकच उठून जाईल, असं त्यांना वाटलंच नव्हतं. शशिकला चुळबुळत होती, आता एका शब्दाचा अवकाश, की ती तबक उचलून खाली पळाली असती. विनोदिनीबाईंना क्षणभर वाटलं, जावं. आपण गेलो की हे हसायला लागतील, मांडीवर थापा पडतील, आणि आपण पापड तळू. मग त्यांनी आपला पेला उचलला आणि प्यायला सुरुवात केली. घाईनं नाही, चोरूनही नाही. एक घोट, मग किल्ल्याकडे बघणं, मग दुसरा घोट. चार माणसं त्यांच्याकडे बघत होती. कान तापले होते, तरी त्यांनी पेला खाली ठेवला नाही. अर्धा झाला तेव्हा शशिकलानं आपला उचलला.

"मान राखलात ते बरं केलं," विनोदिनीबाई म्हणाल्या. "आता थोडी सोबत द्या. फेस बसला की चव जाते. सकाळपासून राबलेय मी त्यावर."

नारायणरावांनी बायकोकडे बघितलं. ती मजेत पीत होती. त्यांनी खुर्चीखालचा पेला काढला, घोट घेतला आणि पेला डोळ्यांसमोर धरला. "अरे तात्या, हे तर त्या साहेबाचं आहे. एकदम तसंच. आपण इतके दिवस काय पीत होतो?"

"फेस," शशिकला म्हणाली.

तुकोजीरावांनी कठड्यावरचा पेला घेतला. वकील माणूस, एकदा सुरुवात झाली की मागं राहणं त्यांना जमत नाही. राहिले तात्या. त्यांच्या हातात पेला होता, पण ओठाला लागत नव्हता.

"एक विचारू?" विनोदिनीबाई तात्यांना म्हणाल्या. "बरणी ठेवून मी दर वर्षी जिन्यात थांबत होते. कुणी हाक मारेल म्हणून. तुम्हाला माहीत होतं?"

तात्यांना नाही म्हणता आलं असतं. ते खाली बघत म्हणाले, "माहीत होतं. सावली दिसायची तुझी. तू उतरलीस की मी बरणी घ्यायचो."

"मग हाक का नाही मारली?"

तात्या पेल्याच्या काठावरचं मीठ बोटानं चाचपत राहिले. त्यांनी इतकी वर्षं समजूत घातली होती, की ह्यांना कल्पनाच नाही. कल्पना नसती तर माफ करणं सोपं होतं. ह्यांना सावली दिसत होती.

हे सगळ्यांत जास्त जड गेलं ते तुकोजीरावांना. त्यांनी आपली नेहमीची युक्ती काढली. "तात्या, जाऊ दे यार. तू बिबट्याचं सांग. वहिनींनी तुझ्या तोंडून कुठं ऐकलंय ते?"

तात्यांनी पेला खाली ठेवला. "आज नको."

"कोणता बिबट्या?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"अमझेऱ्याचा हो. तलावाचं काम चालू होतं, क्वार्टर रानात. दिवेलागणीला बिबट्या थेट ओसरीवर आला. काय छाती आहे वहिनी ह्या माणसाची. घरात एकटा, बंदूक नाही, लाठी नाही. पितळी परात उचलली आणि लाटण्यानं अशी बडवली, अशी बडवली, की बिबट्या कुंपण ओलांडून पळाला. दर वर्षी ऐकतो आम्ही, तरी अंगावर काटा येतो."

"घरात एकटे?"

"म्हणजे काय, तुम्ही माहेरी गेला होतात ना तेव्हा."

विनोदिनीबाईंनी तात्यांकडे बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. आजोबांची कचेरी नाही, बायकांची रीत नाही, मान नाही, गुडघे नाहीत. दर उन्हाळ्यात ह्या गच्चीवर एक बिबट्या पळून जायचा आणि त्याला पळवून लावणारी बाई तेव्हा खाली पापड तळत असायची. ती वर आली असती तर तात्यांना आपल्याच मित्रांत तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

तात्यांचा चेहरा पांढरा पडला होता. विनोदिनीबाईंनी जन्मभर पोरींच्या वहीतल्या चुका लाल शाईनं खोडल्या होत्या. आत्ता तोंड उघडायचा अवकाश होता. पण त्यांना इथं चूक काढायची नव्हती, बसायचं होतं. त्या खुर्चीत मागं टेकल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "मलाही ऐकायचंय."

तात्यांनी पेला तोंडाला लावला आणि निम्मा रिकामा केला. काठाचं मीठ मिशीला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"अमझेऱ्याला," ते म्हणाले आणि थांबले. मग तुकोजीरावांकडे न बघता, विनोदिनीबाईंकडे बघत पुन्हा सुरू झाले. "अमझेऱ्याला आम्ही दोघं होतो. ही माहेरी गेली नव्हती. ही ओसरीवर कणीक मळत होती. मी अंगणात होतो. बिबट्या मला आधी दिसला."

"मग?" नारायणराव म्हणाले.

"मग मी मोरीत शिरलो आणि आतून कडी लावली."

"आणि वहिनी?"

"ही बाहेर होती," तात्या म्हणाले. "ही बाहेर आहे हे मला ठाऊक होतं. तरी लावली."

कुणी हसलं नाही. शशिकलानं पदर तोंडाला लावला. तात्या तिथंच अडले. विनोदिनीबाईंनी आपली खुर्ची उचलून त्यांच्या खुर्चीजवळ आणली, बसल्या आणि रिकामा पेला त्यांच्या हातात दिला, भरायला.

"थांबलात का?" त्या म्हणाल्या. "बिबट्या अजून ओसरीवरच आहे."